पाना दाखवणार नाही, साहेब

"हात याचे, डोकं आमचं!" साहेब म्हणाले आणि हॉलभर हशा पिकला.

साहेबांच्या कॉन्डोत, सिंगापुरातल्या महागड्या फ्लॅटमध्ये, गणपतीची आरती नुकतीच झाली होती. सगळे पुण्या-मुंबईचे इंजिनीअर. मी फिटर, बोटी दुरुस्त करणाऱ्या त्यांच्याच कंपनीत. राहायला दूर शहराच्या टोकाला वुडलँड्सला, एका खोलीत चौघं. चपलांपाशी पिशवी पोटाशी धरून उभा होतो.

पिशवीत माझा पाना होता. बोटीच्या टाकीच्या झाकणाचे नट गंजून बसतात, छिन्नी-हातोड्याने तोडताना बोटं जातात. माझं एक गेलंय. म्हणून दोन वर्षं खपून असा पाना केला, की नट न तोडता फिरतो.

झाल्यावर पहिल्यांदा कुणाला दाखवला? साहेबांना. वर पेढे नेले. मूर्ख! साहेबांना विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. माझा बाप गावातल्या विहिरीवरचा पंप दुरुस्त करायचा आणि त्याच विहिरीचं पाणी त्याला वरून ओंजळीत घालायचे. तरी तो हात जोडायचा. मीही तेच करत होतो, फक्त सिंगापुरात.

साहेब म्हणाले होते, "पेटंट-बिटंटच्या नादी लागू नकोस. आधी विकू. दहा बोटींची ऑर्डर मी आणतो, कंपनीच्या नावावर." मी हुरळलो. पण झोप लागेना. अर्ध्या दिवसाची सुटी टाकून पेटंटची कामं करणाऱ्या एका चिनी बाईकडे गेलो. तिने इंग्रजीत स्वच्छ सांगितलं, "एकदा विकलं, चारचौघांत दाखवलं, की ते नवं राहत नाही. मग पेटंट विसरा."

आणि तरीही साहेबांनी "पाना घेऊन ये" म्हटल्यावर मी आणला. नाही म्हणायला जीभच उचलली नाही. याचाच संताप येतो अजून. त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त.

"काढ रे, दाखव सगळ्यांना. लाजतोस काय?"

कुणीतरी मोबाइल उगारला, फोटोसाठी.

"नाही दाखवणार, साहेब. आधी पेटंटचा अर्ज करणार. माझ्या नावाने."

"तुझ्या नावाने?" ते हसलेच. मग हळूच, "इथे काम करायचा पास रिन्यू व्हायचाय ना तुझा?"

एवढे शिकलेले लोक, सगळे प्रसादाच्या वाटीत बघत होते. मी चपला घातल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. शोधक म्हणून एकच नाव, माझं.

पास गेला तर जाईल. गावी पत्र्याची शेड टाकीन आणि तिथे पाने करीन. साहेबांना लागला तर त्यांनाही विकीन. पण हा पाना मी शोधलाय, हे त्यांच्या तोंडून चारचौघांत ऐकल्याशिवाय एक नग देणार नाही.