म्हशीच्या साखळीतली ऐरण

कोणतीही वस्तू ती आधी वाजवून बघायची. बोटाचं पेर मडक्यावर, दारावर, कुकरच्या बुडावर. मान जराशी कललेली, डोळे मिटलेले. मग निकाल यायचा. "ह्ये बोलतंय," किंवा "ह्ये मुकं हाय." आमचं नवं कपाट तिने मुकं ठरवलं होतं. दुकानदाराने सागवान म्हणून विकलेली त्याची फळी पुढच्या पावसाळ्यात भाकरीसारखी फुगली.

विमा कचेरीतून माझी जयपूरला बदली झाली, ते ऐंशीनंतरचे दिवस. रेल्वेच्या वसाहतीला लागून आमचं भाड्याचं घर होतं आणि भिंतीपलीकडे ती राहायची. नवरा रेल्वेत होता. माहेर कराडकडचं, लोहाराचं. सगळे तिला वहिनी म्हणत, मीही म्हणू लागले. ती मला बाई म्हणायची. मी प्रत्येक कामाची यादी करणारी, ती प्रत्येक गोष्ट वाजवून बघणारी. तुम्ही पाहिलं असेल, अशा दोन बायकांचं एकतर अजिबात जमत नाही, नाहीतर फार जमतं.

एका दुपारी मटार सोलता सोलता ती म्हणाली, "बाई, मला ऐरण घ्यायचीय. लोहारकाम शिकायचंय."

"तुम्हाला येतंच की. माहेरी घण मारायचात, तुम्हीच सांगितलंत."

"घण मारायला काय लागतं? ताकद. हातोडी बापाच्या हातात. त्यो हातोडीनं टिचकी मारून दावनार, तितं आपन घण घालायचा. कुटं मारायचं, कदी थांबायचं, ह्ये हातोडीवाला ठरीवतो. आमच्यात हातोडी बाईच्या हातात देत न्हाईत." तिने एक शेंग मोडली. "मला हातोडी धरायची हाय."

माझी यादी तिथेच सुरू झाली.

तिच्या नवऱ्याची अडचण वेगळी होती. बदलीच्या नोकरीत जड वस्तू घ्यायची नाही, हा त्याचा नियम. खरी भीती मात्र लोकांची होती. विद्याधर नगरची नवी बांधकामं चालली होती, त्या रस्त्याच्या कडेला गावोगाव फिरणाऱ्या गाडिया लोहारांच्या बैलगाड्या उभ्या असत. कॉलनीतल्या एका गृहस्थांनी हसत विचारलं, "काय वहिनी, आता बैलगाडीही घेणार म्हणे?"

"बैल घरात हाय की. गाडीच तेवढी ऱ्हायलीय."

नवरा पेपरमागे गेला. दुसऱ्या कोणीतरी सुचवलं, ऐरण कशाला, रुळाचा तुकडा मिळवा, शिकाऊ माणसाला पुरतो. त्यावर मात्र तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "रेल्वेचा माल घरात येणार नाही." शेवटी तडजोड झाली. एकदाच आणायची. खराब निघाली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.

म्हणून ती ऐरण चांगलीच निघायला हवी होती.

रविवारी आम्ही दोघी बसने चौमूंकडे निघालो. त्या रस्त्यावर एका भंगारवाल्याचं मोठं आवार होतं. माझ्या पिशवीत यादी, पट्टी आणि पाण्याची बाटली. तिच्या कनवटीला ट्रकच्या बेअरिंगमधली एक पोलादी गोळी. बसमध्ये मी तिच्याकडून हिंदी शब्द पाठ करून घेतला. मराठी माणूस परमुलखात आपला प्रत्येक शब्द धुऊन इस्त्री करून मगच बाहेर काढतो. मी शब्दकोशात बघून ठेवलं होतं, ऐरणीला हिंदीत निहाई.

"भैया, निहाई है?" तिने अगदी स्वच्छ विचारलं.

भैयाने लगेच एक भली मोठी, हिरव्या रंगाने चकचकीत रंगवलेली निहाई दाखवली. माझ्या यादीप्रमाणे सगळं ठीक होतं. कडा शाबूत, गंज नाही, पट्टी ठेवली तर तोंड सपाट. मी मनातल्या मनात खुणा करत होते. तिने पेराने टिचकी मारली, मग भंगारातला एक नट उचलून त्याने मारली. आवाज आला, पण भिंतीवर मारल्यासारखा. मग तिने कनवटीची गोळी काढली आणि वीतभर उंचीवरून सोडली. गोळी पडली आणि तिथेच बसली.

"मुकी. ओतीव बिडाची हाय. चांगल्या ऐरणीवरनं गोळी उसळून हाताकडं येती. तशीच हातोडी बी येती. हिच्यावर मारलं तर सगळी ताकद ही गिळनार, आनि दोन महिन्यांत हिचंच तोंड फुटनार. रंग कशाला फासलाय, म्हनलं."

"माताजी, नई निहाई है," भैया म्हणाला. "कंपनी की."

"कंपनीलाच द्या परत."

दुसरी निहाई त्याच्याकडे नव्हती. वहिनी उन्हात उभी राहिली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मग ती माझ्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाली, "चला बाई. ह्याच्याकडं ऐरण न्हाईच."

कडुलिंबाखाली बाजेवर भंगारवाल्याची म्हातारी आई बसली होती. तिने मान वर केली. "ऐरण? ऐरण चाहिजे तो ऐरण बोलो ना. निहाई-निहाई कांई लगा राखी छै?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आपला शब्द त्या मुलखात आधीपासूनच नांदत होता, आणि आम्ही तो घरी ठेवून आलो होतो.

भैयाच्या लेखी निहाई म्हणजे कारखान्यातून आलेला माल. ऐरण म्हणजे मागच्या गोठ्यातली ती जुनी धोंड, जिला त्याची आई म्हैस बांधायची. लाल गंज, कमरेला साखळीचे वेढे, आणि एका बाजूची कड कुरतडल्यासारखी तुटलेली. मी यादीतल्या ओळींवर एकेक फुली मारत गेले. तिने नट मारला. 'ठक्.' पुन्हा मारला. 'ठक्.'

"ही पण मुकीच," मी म्हणाले.

ती साखळीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "म्हैस सोडा."

"भैंस किसके भरोसे छोड़ूँ?" भैयाने विचारलं.

"माझ्या. मी धरती. साखळी काढा. कुनी कंबर आवळून धरल्यावर गानं येतंय का?"

साखळी निघाली. ऐरण ओढून कोरड्या कडक जमिनीवर घेतली. तिने एका हातात म्हशीचा दोर धरून दुसऱ्याने नट मारला. असा स्वच्छ, लांब आवाज आला की म्हशीने कान फिरवले. गोळी सोडली, ती उसळून जवळजवळ तिच्या बोटांना लागली. तोंडावर जागा बदलून बदलून तिने ती सोडली. सगळीकडे तेच. पट्टी लावली, तीही बसली.

"कड तुटलीय," मी सांगितलं. यादी हातात असली की राहवत नाही.

"एकच बाजू गेलीय. दुसरी हाय. शिकनारीला मधलं तोंड लागतं, ते सपाट पायजे. गंज वरचा हाय, हातोडीखाली जातो." मग ऐरणीवर हात ठेवून, "मला चालंल बाई. लई चालंल."

भैयाच्या आईने म्हशीसाठी दुसरं वजन मागितलं. वहिनीने हिरव्या निहाईकडे बोट दाखवलं. म्हातारी एवढी हसली की सौदा तिनेच मिटवून टाकला.

ऐरण वहिनीच्या मागच्या अंगणात बाभळीच्या ओंडक्यावर बसली. पहिला हुक वाकडा झाला, दुसरा त्याहून वाकडा. ती रोज शिकत गेली. पुढे कॉलनीतल्या निम्म्या घरांत तिची उलथनी होती. कोणी विचारलं तर नवरा म्हणायचा, "अंगणात जुनं भंगार आहे, तिचा वेळ जातो."

मग तिने ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, जाड पात्याचा कोयता करायला घेतला. ते एकटीचं काम नव्हतं. संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला तेव्हा भिंतीवरून मी बघत होते.

"अहो, घण धरा."

त्याने आधी आजूबाजूला पाहिलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"शेजारी बघू नगा. हातोडी बघा. हितं."

हातोडीची टिचकी, घणाचा घाव. पहिले दोन चुकले, मग लय लागली. ती 'हितं' म्हणेल तिथे तो मारत होता. मग तिने तापलेल्या लोखंडावर न मारता नुसतं ऐरणीवर ठण् केलं. त्याने घण पुन्हा उचलला.

"ऐरणीवर वाजलं की थांबायचं," ती म्हणाली. तो थांबला. धापा टाकत, घाम पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "पुन्हा तापव." इतका अभिमान मला माझ्या बढतीचाही वाटला नव्हता.

त्यांची भुसावळला बदली झाली. मालधक्क्यावर सामान चढवताना हमालांनी ती पेटी उचलून पाहिली आणि पुन्हा खाली ठेवली.

"साहब, इसमें क्या है? किसका है?"

वहिनी सुरई भरायला नळावर गेली होती. साहेबांनी पेटीवर हात ठेवला आणि मोठ्याने, सगळ्या मालधक्क्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "हमारी मिसेस का ऐरण है. लोहार हैं वो. सँभाल के."

अशा गोष्टी मनात ठेवायच्या नसतात. मी तडक नळावर गेले आणि तिला शब्दशः सांगितलं. तिने सुरईचं तोंड पुसलं.

"हिंदीत म्हनले?"

"हिंदीत."

"म्हंजे चारचौघांत म्हनले."

एवढंच बोलून ती सुरई घेऊन निघाली. नळ तिने चालूच ठेवला होता. तो मी बंद केला. मान वर केली तेव्हा ती गर्दीतून पेटीकडे चालली होती, सावकाश, आणि हमाल तिला वाट देत होते.