डाव्या पंजाची तीन बोटं

जुन्या रानाचा एवढासा तुकडा उरला होता आणि चहूबाजूंनी निलगिरीची लागवड होती. तुकड्याच्या कडेने वाळूच्या अठरा पट्ट्या पसरलेल्या. रोज सकाळी त्यांवरचे ठसे पाहायचे, मग फळीने वाळू सारखी करायची, हे काम मोजणीकाका एकवीस वर्षं करत होते. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

ठसे दिसलेली एक पट्टी म्हणजे एक जनावर, असं वनखात्याच्या पहिल्या साहेबांनी ठरवून दिलेलं. लागवड होण्याआधी रानमांजराचे ठसे चार-पाच पट्ट्यांवर असत. आता सोळांवर दिसत.

"बघा भावोजी, झाडं लावली आणि जनावर वाढलं!" लागवडीवर मुकादम असलेला मेहुणा छाती फुगवून म्हणे. काकाही खुशीत "सोळा" लिहून देत.

त्या मंगळवारी काकांनी पहिल्यांदाच नवा चष्मा लावला होता. तिसऱ्या पट्टीवर डाव्या पंजाला चारऐवजी तीनच बोटं दिसली. वाळू ढासळली असेल, म्हणून ते पुढे गेले. सातव्या पट्टीवरही तीन. अकराव्या, चौदाव्या, सगळीकडे तीन. काका मागे फिरून पहिल्या पट्टीपासून पुन्हा बोटं मोजू लागले.

शुक्रवारी आकडा साहेबांकडे जायचा होता. तो चांगला निघाला की पलीकडच्या टेकडीवरचं रान तोडून तिथेही लागवड होणार होती.

"म्हणजे एकच मांजर?" बायकोने विचारलं.

"तसं दिसतं खरं. निलगिरीखाली गवत नाही, मग उंदीर कुठले? बिचारी कडेकडेने फिरत असेल."

"आणि बाकीची?"

"आत असतील. नसतीलही. मला काही सुधरत नाही गं."

"इतकी वर्षं सोळा-सोळा करत होतात, तेव्हा बोटं कोणी मोजायची? मी?"

हे कानावर येताच मेहुणा धावत आला. "भावोजी, उगाच डोक्याला ताप नको. सोळा लिहा, मोकळे व्हा. ताई, समजाव गं यांना!"

"मी काय समजावू? माझंच डोकं चालेनासं झालंय."

शुक्रवारी काका कागद पुढ्यात घेऊन तासभर बसले. सोळा लिहिणं खोटं होतं. एक लिहावं, तर त्याचीही खात्री नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं, "किमान एक. बाकी किती, ते आजवर मी मोजलेलंच नाही."

मेहुण्याने वाचून कपाळावर हात मारला. "याला आकडा म्हणतात का?"

"नाही म्हणत," काका म्हणाले, आणि त्यांनी सही केली.