एकोणपन्नास पट्ट्यांची कीटार

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात मी अठ्ठावीस हजार पाचशे रुपये भरले. हजर तिघे होते: मी, आमच्या बेंजो पार्टीचा मालक आणि दुकानदार. खरी किंमत चौतीस हजार पाचशे होती. माझा जुना कीबोर्ड आणि त्याचा स्टँड दुकानदाराने सहा हजारांना ठेवून घेतला. बदल्यात मिळाली ती कीटार, म्हणजे गिटारसारखा गळ्यात अडकवायचा कीबोर्ड. उजव्या हाताने वाजवायचं, डाव्या हाताने तिची मान, म्हणजे बाजूचा दांडा, धरायची आणि मानेवरची बटणं दाबायची. दोन्ही हात गुंतलेले.

मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. आठवडाभर सुटे भाग मोजतो आणि शनिवार-रविवार हळदीला, वरातीला वाजवतो. वाजवण्याला अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं मी सगळ्यांच्या मागे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून वाजवलं. पुढे ढोलवाले, मध्ये ऑक्टोपॅडवर मालक, मागे मी. फोटोत फार तर माझं कपाळ यायचं. मला ते सोयीचं होतं.

मालक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे. तो म्हणाला, "काका, तुम्ही मागं बसता ते बँकेतल्या कॅशियरसारखं दिसतं. लोकांना आता बघायला लागतं, नुसतं ऐकून भागत नाही."

"मग दुसरा कोणी बघ."

"बघितलाय. भोसरीचा आहे, उड्या मारत वाजवतो. त्याला जुनी गाणी येत नाहीत, नाहीतर तुम्हाला विचारलं नसतं."

एवढं स्पष्ट बोलल्यावर मी दुकानात गेलो. तिथे दोन कीटारी होत्या. एक सदतीस पट्ट्यांची, तीन किलो सहाशे ग्रॅम, तीस हजार पाचशेला. दुसरी एकोणपन्नास पट्ट्यांची, पाच किलो चारशे. मी हिशेब केला. पहिलीत एक पट्टी आठशे चोवीस रुपयांना पडत होती, दुसरीत सातशे चारला. दुसरी घेतली. मालक म्हणाला, "काका, गळ्यात तुम्हाला घालायचीय, पट्ट्यांना नाही." मला वाटलं, पोराला हिशेब कळत नाही. पुढे महिनाभर वाजवल्यावर लक्षात आलं की आमच्या एकाही गाण्याला बावीसच्या वर पट्ट्या लागत नाहीत. बाकीच्या सत्तावीस मी नुसत्या खांद्यावर वागवत होतो. आणि वजन एवढं, की डावा हात सोडला तर कीटारीची मान खाली जायची आणि सूर तिथेच तुटायचा.

मागे बसणं सोयीचं होतं त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मुलगी निघोज्याच्या पुढच्या एका गावात दिली. बागायती जमीन असलेलं, चार माणसांत बसणारं घर. बोलणीच्या वेळी व्याह्यांनी विचारलं होतं, "नोकरीशिवाय काय करता?" मी म्हणालो, "भजनात पेटी वाजवतो." ते खोटं नव्हतं, एकादशीला वाजवतोच. पण ते अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं सांगायला नंतर कधी वेळ सापडला नाही.

एप्रिलमध्ये कुणीतरी चिखलीच्या एका हळदीतला व्हिडिओ काढला. एकोणीस सेकंदांचा. मी सगळ्यांत पुढे, गळ्यात पांढरी कीटार, तिच्यावर निळे दिवे. खाली पार्टीचा नंबर. तो फिरत फिरत व्याह्यांच्या फोनवर गेला आणि त्यांनी मला फोन लावला.

"पाव्हणं, त्ये गळ्यात अडकवून नाचतंय ते तुमीच व्हय?"

"नाचत नाही. उभा आहे."

"असू द्या की. आमच्या धाकट्याची हळद हाय पुढल्या म्हैन्यात. तुमचीच पार्टी ठरवलीय. त्या नंबरावर फोन केला, पाच हजार सुपारी पन पोचली."

सुपारी म्हणजे आगाऊ रक्कम. ती घेतली की पार्टी बांधली जाते. मालकाला हे माझे व्याही आहेत हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्याने घेतलीच असती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मुलीचा फोन आला. ती हळू बोलत होती, बहुतेक गच्चीवरून.

"बाबा, तुम्ही आला नाहीत तर मामंजी रागावतील. त्यांनी सगळ्या भावकीला सांगितलंय. या आणि वाजवा. पण इथल्या कुणाच्या हातून पैसा घेऊ नका. सासूबाई अजून काही बोललेल्या नाहीत. तुम्ही पैसे घेतलेत तर मला जन्मभर ऐकावं लागेल."

आमच्यात मुलीच्या सासरचा पैसा घेत नाहीत. माझे वडील तर आत्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. बायको म्हणाली, "पाठ धरली म्हणून कळवा." पण मुलीच्या दिराच्या हळदीला बाप पाठ धरून घरी बसला, हेही तिलाच ऐकावं लागलं असतं.

मी मार्ग काढला. पार्टीचे एकवीस हजार ठरले होते, त्यात माझा वाटा अठराशेचा. मालकाला सांगितलं, माझा वाटा बिलातून वजा कर, एकोणीस हजार दोनशेच घे. तो म्हणाला, "काका, चांगला धंदा शिकवताय राव." पण त्याने ते लिहून घेतलं. मी मुलीला कळवलं की बंदोबस्त झाला. मला खरंच तसं वाटत होतं. मागे बसण्याच्या अकरा वर्षांत माझ्यावरून कुणी एकदाही नोट ओवाळली नव्हती. पैसे ओवाळतात ते पुढच्या माणसावरून. आणि आता पुढे मी होतो, हे माझ्या हिशेबात आलंच नाही.

हळद संध्याकाळी सात वाजता सुरू झाली. अंगणात मांडव, एका बाजूला चार फळ्यांचं स्टेज. डावीकडे चौरंगावर नवरदेव, त्याच्या भोवती बायका, त्यांत हळदीचं ताट घेतलेली माझी मुलगी. पंधरा-वीस मिनिटांनी नवरदेवाचे मित्र स्टेजवर चढले आणि माझ्याभोवती कडं करून नाचू लागले. पुढे जागा नाही, मागे स्पीकर. पट्टा खांद्यात रुतत होता. हळदीच्या नाचात गाणं मध्येच थांबवलं तर घरच्यांचा अपमान होतो, म्हणून एकाला लागून दुसरं वाजवत राहिलो.

तेवढ्यात कडं फुटलं आणि व्याही वर आले. फेटा बांधलेला, हातात पाचशेची नोट. त्यांनी ती माझ्या तोंडावरून तीनदा ओवाळली. खाली शिट्ट्या झाल्या. मी म्हणालो, "नको पाव्हणं, नको." ढोलात ते त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा मानानं नको म्हणतोय असं वाटलं असेल. एरवी माणूस हात जोडतो, नोट परत करतो. माझा उजवा हात पट्ट्यांवर होता, डावा मानेखाली. व्याह्यांनी नोट माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यात नीट खोचली आणि गालावर थोपटलं. त्यांच्या मागे त्यांचे दोघे भाऊ खिशात हात घालून उभे होते.

मी मुलीकडे पाहिलं. तिच्या शेजारी तिची सासू उभी होती आणि सासू त्या नोटेकडेच बघत होती.

मुलीने ताट सासूच्या हातात दिलं. बायकांमधून वाट काढत ती स्टेजवर आली. पोरं बाजूला झाली. तिने माझ्याशी नजर मिळवली नाही. पट्ट्यातली नोट काढली, खाली उतरली, नवरदेवाजवळ जाऊन ती दिरावरून तीनदा ओवाळली आणि पुन्हा वर येऊन आमच्या ढोलवाल्याच्या हातात ठेवली. मी वाजवतच होतो.

 व्याह्यांना कुणीतरी विचारलं असावं, कारण ते मोठ्याने म्हणाले, "सूनबाईचा हिशेब पक्का हाय. बापावर गेलीया." लोक हसले. भावांनी आपल्या नोटा मग नवरदेवावरून ओवाळल्या आणि ढोलवाल्यालाच दिल्या. सासूने ताट परत मुलीच्या हातात दिलं. 

पावणेदहाला वाजवणं बंद केलं. वायरी गुंडाळत असताना मुलगी आली. माझ्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता, तो तिने पाहिला.

"बाबा, पुढच्या वेळी बसून वाजवा."

"स्टँड दिला दुकानदाराला. सहा हजारांत गेला."

"मग परत आणा."

मी आणतो म्हणालो. अजून आणलेला नाही. त्या एकोणीस सेकंदांवर मालकाने आणखी चार सुपाऱ्या घेतल्या आहेत, चारही उभं राहून वाजवायच्या. त्यातली एक निघोज्यातच आहे, व्याह्यांच्या चुलत्यांकडे.

त्या दिवशीचा हिशेब असा झाला. सुपारीचे पाच हजार आधीच पोचले होते. उरलेले चौदा हजार दोनशे व्याह्यांनी मांडवामागे मालकाच्या हातात मोजून दिले. अठराशे कमी का, हे त्यांनी विचारलं नाही. मला काही मिळालं नाही, मी घेतलं नाही. पाचशेची नोट ढोलवाल्याला गेली. तो लातूरकडचा, निगडीत खोली करून राहतो. टेम्पोत बसल्यावर त्याने ती माझ्यापुढे धरली, "काका, ही तुमचीच हाय ना?" मी नाही म्हणालो, आणि त्याने ती खिशात ठेवली.