जेबेझ ऑर्मरॉडचा हातोडा

हॅगशॉच्या इंजिन कारखान्यातून एकही बॉयलर जेबेझ ऑर्मरॉडच्या हातोड्याशिवाय बाहेर पडत नसे. तो मुख्य इंजिनिअर झाला, डोक्यावर उंच टोपी आली, तरी हा गडी कोट काढून बॉयलरच्या पोटात शिरायचाच. पत्र्यावर हातोडा मारायचा आणि ऐकायचा. पत्रा खणखणीत वाजला तर पास, बद्द वाजला तर कुठंतरी चीर. हे कसब शाळेतलं नव्हे. लहानपणी तो बॉयलरच्या आत बसून पत्रे जोडणाऱ्या तापलेल्या रिव्हेटांना टेका द्यायचा आणि बाहेरून घण पडायचे.

बॉयलरच्या त्या खात्यात घणांच्या आवाजानं झाडून सगळे बहिरे, आणि त्याचा तोरा केवढा! ज्याला ऐकू येतं तो अजून कच्चा, असं म्हणायचे. बोलणं ओठांवरून ओळखायचं, शिव्या हातवाऱ्यांनी द्यायच्या. अशा ठिकाणी साहेबाचे कान गेलेत हे कळणार कुणाला? खुद्द साहेबालाच कळलं नाही, आता बोला!

गेल्या हिवाळ्यात चढावर आगगाडीच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटला. ड्रायव्हर इलाय क्रॉपर आणि त्याचा कोळसेवाला, दोघंही जागीच गेले. चौकशीत जेबेझनं शपथेवर सांगितलं, "पत्रा मी स्वतः वाजवला होता. खणखणीत होता. इलायनंच चढासाठी जास्त दाब मिळावा म्हणून वाफेची झडप आवळली असणार."

ड्रायव्हर लोक तसं करायचे, हे खरंच. त्यामुळे सगळ्यांना पटलं. इलायची बायको टेमर रोज सकाळी दारातली पायरी घासून पांढऱ्या दगडानं उजळायची, तिथल्या सगळ्याच बाया करतात तशी. इलायनंच आपला पोरगा मारला म्हणून समोर राहणारी कोळसेवाल्याची आई रोज येऊन त्या पायरीवर राख ओतायची. टेमर पुन्हा घासायची.

मग एका रविवारी चॅपलमध्ये स्तोत्र संपलं, ऑर्गन थांबला, आणि त्या शांततेत जेबेझ एकटाच गात राहिला. चांगलं अख्खं कडवं.

"मला कुणी थांबवलं का नाही?" घरी आल्यावर त्यानं बायकोला विचारलं.

"साहेबाला कोण थांबवणार? जरा पाठ फिरव बघू," केझाया म्हणाली.

त्यानं फिरवली. वाट पाहून कंटाळला आणि वळला. "अगं, बोल की मग!"

"बोलले. किंचाळले. ती बघ, शेजारीण खिडकीत आली."

दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारातला तडकलेला पत्रा आणि एक कोरा पत्रा शेजारी ठेवले, डोळे मिटले आणि हातोडा मारला. दोन्हींचा हाताला तोच हादरा. कानाला काहीच नाही. म्हणजे इतके दिवस तो हाताचा हादराच ऐकत होता की काय! आणि इलायचा पत्रा?

त्यानं जाऊन हे सांगितलं तेव्हा कंपनीच्या मालकांनी त्याला बसवून घेतलं, ओठ हळू हलवत समजावलं. "सन्मानानं निवृत्त व्हा, ऑर्मरॉड. मेजवानी देऊ. मेलेल्याचं उकरून काय मिळणार?"

मोह झाला, का नाही होणार? उभा जन्म त्या कारखान्यात गेलेला. पण तो उठला आणि कामगार सुटायच्या वेळी फाटकात उभा राहून सगळं सांगून टाकलं. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं. शेवटची माणसं तोंड फिरवून गेली तरी तो ओरडतच होता.

तिथून तो थेट टेमरकडे गेला. त्या दिवशी दुसऱ्यांदा ती गुडघ्यांवर बसून पायरी घासत होती.

"टेमर, पत्रा कसा वाजला ते मला कळलंच नव्हतं," तो म्हणाला. "मला ऐकूच येत नाही गं. न ऐकता मी तुझ्या इलायवर ढकललं."

टेमर उठली. आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग कानांकडे. हात पुसले आणि भिंतीकडे तोंड करून बोलायला लागली. खूप वेळ बोलली. तिचे खांदे हलत होते.

"इकडे तोंड कर, टेमर. मला काही कळत नाही."

ती वळली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.

समोरच्या दारात कोळसेवाल्याची आई उभी होती. तिनं शब्द न् शब्द ऐकला होता. हातातली राखेची बादली तिनं खाली ठेवली.

"काय म्हणाली ती?" जेबेझनं तिला विचारलं.

तिनंही त्याच्याकडे पाठ केली.