एर्सिलियाच्या मापाची जागा

एर्सिलिया बोनफान्ते बेचाळीस वर्षांची झाली तरी तिच्या दारावर पाटी नव्हती, नावाचा कागद चिकटवलेला होता. डॉक्टरेट मिळून अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती त्याच तांत्रिक विद्यापीठात वर्षावर्षाच्या करारावर संशोधन करत होती. घंटा वाजताना चर्चचे जुने मनोरे किती हलतात, हे मोजायचं तिचं काम. मनोऱ्याच्या टोकावर ती कधी घाबरली नाही. घाबरायची ती जागेच्या जाहिरातीला.

आमच्याकडे आधी माणूस ठरतो, मग त्याच्या मापाने जागेची जाहिरात बेततात. हे सगळ्यांना ठाऊक, आणि चारचौघांत कुणी तोंड उघडत नाही. बाहेरच्या एखाद्याने अर्ज केलाच, तर प्रोफेसर त्याला फोन करतात, "बाबा रे, उगीच हेलपाटा नको." तोही बिचारा ऐकतो. त्याच्या गावीही हेच चालतं.

या खेपेला जागा तीन वर्षांची होती. करारावर राहायची वर्षं संपत आल्यामुळे पुढच्या वर्षी एर्सिलिया नियमातच बसणार नव्हती, म्हणजे ही शेवटचीच संधी. मजकूर तिचे वरिष्ठ, प्रोफेसर वेत्सानी, यांनी स्वतः लिहिला: 'घंटेच्या मनोऱ्यांची कंपनं, प्रकाशतंतूंनी मोजणी.' मनोरे वाचून तिचा जीव भांड्यात पडला. प्रकाशतंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर, तिने कधी वापरले नव्हते, पण सरकारला असले नवे शब्द आवडतात, म्हणून घातले असतील असं तिने धरलं. हुशार बाई, पण स्वतःचं काम दिसलं की पुढचं वाचायचं नाही, ही आमची सगळ्यांचीच खोड.

अर्जांची यादी लागली. दोनच नावं. दुसरं एल्व्हियो मार्केत्तोचं. तिचाच जुना विद्यार्थी, आता डेन्मार्कला. ती तडक प्रोफेसरांकडे गेली.

"एल्व्हियोला फोन केलात?"

"करू गं. कॉफी घेतेस?"

तीन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं.

"अगं, किती घाबरशील! आज जरा गडबड आहे."

तिची झोप उडाली. मुलाखत चार दिवसांवर आली, तेव्हा तिने दार लावून स्वतःच फोन लावला.

"एल्व्हियो, मी बोलतेय. अरे, ती जागा... ठरलेली आहे रे. तिकडून कशाला धडपडत येतोस?"

तो चाचरत म्हणाला, "मॅडम, अर्ज करायला मला प्रोफेसरांनीच सांगितलं. ते प्रकाशतंतूंचं... ते माझंच काम आहे ना. मला वाटलं, तुम्हाला बोलले असतील."

तिने फोन ठेवला. अर्ज मागे घ्यावा, असं तिला शंभरदा वाटलं. पण मागे घेऊन जायचं कुठे? दुसरं काही येतच नव्हतं तिला. म्हणून ती मुलाखतीला गेली.

टेबलामागे तिघं परीक्षक होते, मध्ये वेत्सानी. अकरा वर्षं रोज सकाळी तिने याच माणसाबरोबर कॉफी घेतली होती. एकदा त्यांनी आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं.

वेत्सानींनी कागदावरून मान वर केली नाही.

"पूर्ण नाव?" त्यांनी विचारलं. "आणि ओळखपत्र दाखवा."