फक्त बघायची परवानगी

सरांनी माझं वाक्य भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं आणि वर्ग हसला.

‘मला शाळेतला भाषा कळत नव्हता, म्हणून मी गप्प होती.’

एवढंच लिहिलं होतं मी.

सर म्हणाले, “बीएड करताय ना? आधी शुद्ध लिहायला शिका. मग ज्ञाननिर्मिती करा.”

मी डोंगरातली, धडगावच्या वरच्या पाड्यावरची. घरी पावरी बोलतो. मराठी मला शाळेत भेटली, तीही मार खात. शहाद्याकडच्या कॉलेजात सरांनी गट पाडले, प्रत्येक गटाला एक ऑनलाइन फळा दिला. लिंक मोबाइलवर उघडायची. सगळ्यांनी एकत्र लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, जोडायचं, त्यातून विषय समजून घ्यायचा. आमचा विषय, डोंगरातली मुलं वर्गात गप्प का बसतात? गटात डोंगरातली मी एकटी.

बाकीच्यांनी लिहिलं होतं : पालकांचं अज्ञान. घरात वातावरण नाही. मुलांमध्ये न्यूनगंड.

म्हणजे माझी आई. माझं घर. मी. त्यावर कुणी हसलं नाही.

तासानंतर फळा उघडला. माझं वाक्य गायब. परत लिहायला गेले तर अक्षर उमटेना. गटप्रमुख तापीकाठच्या बागायतदाराचा मुलगा. त्यानं माझा लिहायचा हक्कच काढून घेतला होता.

“तू आमना फळा खराब करी ऱ्हायनी,” तो म्हणाला. “आते फक्त देख.”

मी बघत राहिले.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तो स्वतःहून आला. आवाज गोड. “सकाय तुमना पोशाख घालीसन ये. चांदीना दागिना बी. सरले आवडी.”

लिहायला मी नको. सजवायला पाहिजे.

ती चांदी माझी आई होळीला घालते. मान ताठ ठेवून. ती यांच्या गुणांसाठी?

दुसऱ्या दिवशी रोजचीच गणवेशाची साडी नेसून गेले. तो पडद्यावरचं ‘न्यूनगंड’ वाचत होता. मी उभी राहिले.

“सर, या गटात माझं नाव आहे, हात नाही. लिहू द्या, नाहीतर नाव काढा.”

“बसा. नंतर बघू.”

“नाही बसणार.”

उभ्यानंच बोलले. पहिलीत मला लघवीला जाऊ का, हे मराठीत विचारता येईना. फ्रॉक जागेवरच ओला झाला. गुरुजी म्हणाले, जनावर. तेव्हापासून तोंड मिटलं. याला तुम्ही न्यूनगंड म्हणता?

बोलताना भाषा चुकली. मागून कुणीतरी हसलं. मी थांबले नाही.

सरांनी माझं नाव काढलं. “एकटीनं करा.”

एकटीनं नाही केलं. होस्टेलवर नवा फळा उघडला, लिंक मुलींना दिली. पावरी, भिली, इकडच्या आदिवासींची कोकणी, जिला जी येते ती भाषा. नवापूरकडच्या एकीनं लिहिलं, तिचं नाव शाळेतल्या बाईंना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी तिला दुसरंच नाव ठेवलं. खाली एकीनं लिहिलं, मलापण. मग आणखी एकीनं. भांडलोही. हे लिहायचं का, कुणी वाचलं तर? लिहिलं. प्रत्येकीला वाटत होतं खोट आपल्या एकटीतच आहे. सगळं एकाखाली एक वाचलं तेव्हा कळलं, खोट आमच्यात नव्हतीच.

सरांनी फळा बघितला. “हे शुद्ध कोण करणार?”

“कुणी नाही.”

गुण पास होण्यापुरते पडले. पडू देत.

उद्या मी शाळेत शिकवायला उभी राहीन. पोर त्याच्या घरच्या भाषेत विचारेल, मी त्याच भाषेत उत्तर देईन. येत नसली तर त्याच्याकडून शिकेन. तपासायला आलेले साहेब विचारतील, ही कुठली भाषा? त्यांना मी पोरांच्या रांगेत खाली बसवीन.

म्हणेन, ऐका.