मधला माइनस

कोणावर लिहावं एवढी माझी योग्यता नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि त्या शिक्षणाचं मी काय केलं ते पुढे येईलच.

कॉलेजसाठी मी भाड्याने राहायचो त्या मयूर विहारच्या बाजारात एक रेडिओवाले रेडिओ दुरुस्त करत. वायर जोडण्याआधी तिच्यावर हळूच फुंकर घालत आणि मला 'प्रोफेसर साहब' म्हणत. तेव्हा वीज सारखी जायची. माझ्या घरमालकांचा छोटा टीव्ही बॅटरीवर चाले, पण त्यांचा जुना व्हिडिओ गेम विजेशिवाय चालत नसे. मी मोठ्या उत्साहाने तो रेडिओवाल्यांकडे नेला. त्यांनी डबीत सहा सेल बसवून तिच्या वायरींना गेममध्ये खुपसायची पिन जोडली.

"प्रोफेसर साहब, इसमें बीच वाला माइनस है."

"नहीं भाईसाब, बीच में प्लस होता है. मैं फिजिक्स पढ़ता हूँ."

"किताब में होगा. गेम के पीछे देख लो."

मी पाहिलं नाही. ते चहा सांगायला गेले, तेवढ्यात मी वायरी उलट्या करून बटण दाबलं. धूर निघाला. परत आल्यावर त्यांनी धुरावरही फुंकर घातली आणि म्हणाले, "चलो, पहले चाय पियो."

खोली जाईल या भीतीने मी घरी गप्प राहिलो. आठवड्याने गेम दुरुस्त होऊन आला, तरी मालकांनी मला काहीच विचारलं नाही. प्रकरण मिटलं, असं मी समजलो.

वर्षाने खोली सोडताना मालक म्हणाले, "बेटा, उस रेडियो वाले के पास कभी मत जाना. खुद बोला, मेरी गलती से गेम जल गया. मैंने तो पूरी सोसायटी को मना कर रखा है."